म्हशीला विचारलं का?

खान्देशात घर बांधताना चार माणसं सल्ला देतात, गोठा बांधताना अख्खं गाव. घर तुमचं तुम्ही भोगणार. म्हशीची बाजू घ्यायचा हक्क मात्र सगळ्यांना पोचतो.

आमचा बेत साधा. खळ्यातलं कुडाचं छप्पर पाडायचं आणि दोन म्हशी, एक गाय, एक वासरू सुखानं राहतील असं काही उभारायचं. मिस्तरी म्हणाला, "पत्रे टाका भो, पुन्हा बघायला नको." त्याला पत्र्याखाली राहायचं नव्हतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हशीचं कातडं काळं, घाम जेमतेम. ती तापली की आधी चारा सोडते, मग दूध आटवते. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा. खाली माणसं आणि गुरं एकाच गारव्यात. पुढे आपण सुधारलो. माणसांना स्लॅब, गुरांना पत्रा, आणि दोघांनाही घाम.

काकांनी वास्तू काढली. मेहुण्यानं मोबाइलवर कुठलासा पंजाबी गोठा दाखवला: फवारे, रबरी गाद्या, वर संगीत. संगीतानं दूध वाढतं म्हणे. तसं असतं तर लग्नसराईतल्या डीजेनं आमच्या गावात दुधाचा पूर आला असता.

सरकारनंही विचार केला आहे. २०२१ च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत सहा गुरांच्या गोठ्याला ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, म्हणजे २६.९५ चौरस मीटर जागा आणि ७७,१८८ रुपये धरलेत. फुटांत सांगायचं तर २९०. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात बरीच वर्षं माणसांच्या अख्ख्या कुटुंबाला २६९ फूट मिळत. तिथं गव्हाणही नव्हती.

शेवटी आई म्हणाली, "म्हैसले इचारं का?"

विचारायचं म्हणजे दावं सोडायचं. सोडलं. भर दुपारी दोन्ही म्हशी निंबाखाली हौदाशेजारी जाऊन बसल्या. काकांनी नक्की केलेल्या जागेकडे फक्त वासरू गेलं, तेही एका कामापुरतं.

मग निंबाशेजारीच मुक्त गोठा केला. म्हशीमागे छपराखाली ४ चौरस मीटर, बाहेर ८ मोकळे, पाणी मन होईल तेव्हा. पत्रे मिस्तरीचेच, पण उंच बसवले आणि वर चुना मारला. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे ऊन आत कमी शिरतं. पूर्व आल्यामुळे काकाही खूश.

तुम्ही बांधणार असाल तर जागा वैशाखात ठरवा. पौषात कुठलीही जागा बरीच वाटते. आणि मिस्तरीला दुपारी दोनलाच बोलवा, शेजाऱ्याच्या पत्र्याखाली बसवा, गरम चहा पाजा, मगच भाव विचारा.