त्यांची सात पावलं

पहिल्या पावसानंतर आमच्या मानवतच्या घरातल्या संडासानं घसा खाकरायला सुरुवात केली. पाणी ओतलं की आतून आवाज येई. वाटे, जुन्या वळणाचे कुणी आजोबा सुनांना आपण आल्याची वर्दी देताहेत. दोन दिवस मी कानाडोळा केला. आजोबांनी खाकरणं वाढवलं. तेव्हा कुठं आठवलं, की अंगणाखाली आपली एक टाकी आहे आणि दादा गेल्यापासून तिची कुणी विचारपूस केलेली नाही.

तसा तिचा स्वभाव घरातल्या थोरल्या बाईचा. सगळ्यांचं सगळं पोटात घालायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. हलकं असेल ते वर साय होऊन तरंगतं, जड ते तळाशी बसतं, मधलं पाणी शोषखड्ड्याकडं निघून जातं. तळाच्या गाळावर हवेवाचून जगणारे जिवाणू अंधारात आपला संसार चालवतात. इंग्लंडातल्या एक्सेटरच्या डोनाल्ड कॅमेरूननं १८९५ च्या सुमारास असली टाकी बांधून तिला 'सेप्टिक टँक' म्हटलं. आमच्याकडं मात्र गवंड्यापासून गुरुजींपर्यंत सगळे 'सेफ्टी टँक'च म्हणतात, आणि मला आमचंच नाव जास्त खरं वाटतं. घराची अब्रू ती सांभाळते, कॅमेरून नाही.

दोष निम्मा आमच्या मातीचाही. ही कपाशीची काळी माती उन्हाळ्यात तहानेनं अशी भेगाळते की चावी पडली तर पाताळात जावी. आणि चार पाऊस झाले की फुगून, ओठ मिटून बसते. मग शोषखड्ड्यानं शोषायचं तरी कुठं?

गाडीवाला आला. त्यानं आधी बिडी विझवली, कारण टाकीतला वायू पेट घेतो. आत उतरणार नाही, हेही सांगून टाकलं. मी म्हटलं, "उतरायचं नाहीच, भाऊ." माणसाला असं आत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं मनाई आहे; कायदा नसता तरी मला अंगणात उभं राहवलं नसतं. लांब काठीला जुना पंचा गुंडाळून तळाला टेकवायचा, पंचा कुठवर काळा होतो त्यावरून गाळ मोजायचा, आणि तो तिसऱ्या हिश्श्याला पोचला असेल तर नळीनं उपसायचा, असा त्याचा बेत. सगळं तयार. फक्त झाकण सापडेना.

दादांची डायरी काढली. कापसाचे भाव, आत्याच्या लग्नाचा खर्च, आणि मध्येच एक ओळ: "टाकीचं झाकण, जास्वंदीपासून वाड्याच्या भिंतीकडं सात पावलं." मी सात पावलं चाललो. पहार मातीत नुसतीच रुतली. जरा ढांगा टाकून पुन्हा चाललो, दादांसारखे हात मागं बांधून. पहार पुन्हा मुकी. गाडीवाला सभ्यपणे आभाळाकडं बघत राहिला.

पायरीवर बसलेली आई उठली. "त्यांची सात म्हणजे माझी नऊ," म्हणाली. चाळीस वर्षं बाजाराला, लग्नाकार्याला ती त्यांच्या मागून चाललेली. हिशेब पायांना पाठ. पदर सावरत ती जास्वंदीपाशी गेली, मोजत निघाली आणि नवव्या पावलावर थांबली. मी पहार टेकवली. टण्ण.

आई जागची हलेना.

"मायबाई," ती हळूच म्हणाली, "उन्हाळाभर इथंच तर बाज टाकून पापड वाळवले मी."