एक ताप, चार बाटल्या

आमच्या घरात ताप एकाला येतो आणि डॉक्टर सगळेच होतात. चिरंजीवांचं कपाळ जरा गरम लागलं की आई मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांची तयारी करते, अप्पा ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात करतात आणि मी मोबाइल उघडतो. या तिघांत सर्वांत धोकादायक कोण, याबद्दल घरात आता मतभेद उरलेला नाही.

एरवी या मंडळाची अध्यक्ष माझी बायको. मुलाचं वजन तिला पाठ असतं. मला त्याची जन्मतारीख आठवते, तीही पासवर्डात वापरल्यामुळे. गेल्या पावसाळ्यात ऑफिसच्या कामाने ती डोंबिवलीहून नागपूरला निघाली तेव्हा दारात चपला घालता घालता म्हणाली, “ताप आला तर घाबरू नकोस. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर नाही. काही कळलं नाही तर फोन कर.”

मी बँकेत इन्स्पेक्शनला आहे. व्हाउचरवर एक सही कमी दिसली की शाखेला दोन पानांचा शेरा लिहितो. अशा माणसाला ‘काही कळलं नाही तर’ म्हणणं हा अपमान होता. मी तो गिळला. त्या दौऱ्यात आमच्या घरी एवढी एकच गोष्ट धड गिळली गेली.

ताप आला तो दुसऱ्याच दिवशी, दिवेलागणीला. आईने हाताची मागची बाजू कपाळाला लावून “चांगलाच आहे” असा निकाल दिला. मला निकाल नको, आकडा हवा होता. डिजिटल थर्मामीटर काढला. पण उपकरण बरोबर आहे याचा पुरावा काय? म्हणून आधी माझा ताप पाहिला, मग अप्पांचा. चिरंजीवांना हा खेळ वाटला आणि आजीचाही पाहिल्याशिवाय ते काख उघडेनात. शेवटी आकडा मिळाला, १०२. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप धरतात हे मी वाचलेलं होतं, त्यामुळे ताप आहे हे आता अधिकृत झालं. आईला ते पाव तासापूर्वीच कळलं होतं.

मग औषधांचा डबा उघडला. त्यात पॅरासिटामॉलच्या चार बाटल्या निघाल्या. एकीवर ५ मि.ली.मध्ये २५० मि.ग्रॅ., दुसरीवर ५ मि.ली.मध्ये १२०. तिसरी थेंबांची, माझी बहीण तान्ह्या लेकीला घेऊन राहायला आली होती तेव्हा विसरलेली. तिच्यात एकाच मि.ली.मध्ये १००. चौथी धाकट्या भावाने न्यू जर्सीहून आणलेली, ५ मि.ली.मध्ये १६०, आणि वर नाव अ‍ॅसिटॅमिनोफेन. हे काहीतरी जबरदस्त अमेरिकन औषध असणार, अडीअडचणीला ठेवावं, अशी माझी समजूत होती. पॅरासिटामॉललाच तिकडे त्या नावाने ओळखतात. म्हणजे डब्यात औषध एकच, बाटल्या चार आणि त्यांचे हिशेब चार.

हिशेब तसा तिसरीच्या वर्गातला आहे. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. देतात. आमचे चिरंजीव सव्वाचार वर्षांचे, १४ किलोंचे; म्हणजे एका वेळी साधारण २०० मि.ग्रॅ. पहिल्या बाटलीतून ते ४ मि.ली. होतं, दुसरीतून ८, थेंबांतून अवघं २ आणि अमेरिकन बाटलीतून ६. मात्र हे गणित मी उशिरा केलं. आधी मी शुद्ध तर्कावर चाललो होतो. तर्क असा : थेंब तान्ह्या बाळांचे, म्हणजे सौम्यच असणार, मुलगा मोठा, ताप मोठा, तेव्हा चांगले ८ मि.ली. द्यावेत. प्रत्यक्षात बाळाला थोडंच गिळावं लागावं म्हणून थेंब मुद्दाम दाट बनवतात. माझ्या तर्काने मुलाच्या पोटात एका दमात चार डोस गेले असते. ते टळलं ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. ड्रॉपर सापडला नाही म्हणून.

ड्रॉपर शोधताना वेळ वाया जाऊ नये म्हणून मी मोबाइलवर अभ्यास केला. १९५५ साली अमेरिकेत मुलांसाठी पॅरासिटामॉलचं द्रव औषध आलं, ते आगीच्या बंबाच्या आकाराच्या लाल खोक्यात विकायचे, ही माहिती मला तेव्हाच मिळाली. हातातल्या बाटलीत औषध किती, ही माहिती बाटलीवरच छापलेली असल्यामुळे वाचायची राहिली.

अखेर लेबल वाचलं, गणित केलं आणि २५०ची बाटली घेतली. बाटली हलवायची असते, औषध तळाला बसतं, मी इतकी हलवली की आई म्हणाली, “अरे, लोणी काढायचंय का?” मापाचं टोपण मात्र जागेवर नव्हतं. ते चिरंजीवांच्या भातुकलीत पातेलं म्हणून कामाला लागलं होतं. ते धुऊन, डोळ्यांच्या रेषेत धरून मी ४ मि.ली. मोजलं. हा माझा त्या दिवसातला सर्वोच्च क्षण. पुढच्याच क्षणी ते सगळं माझ्या शर्टावर होतं.

परत मोजायला घेतलं तेवढ्यात आईने विचारलं, “आणखी कशाला? मी मघाशी दिलंय की.”

“कधी?”

“तू अप्पांचा ताप बघत होतास तेव्हा. चहाचा एक चमचा.”

यावर पेपर खाली ठेवून अप्पा म्हणाले, “मीसुद्धा दिलंय. सर्दीचं. नाक वाहत होतं त्याचं.”

सर्दीच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. तिच्यातही पॅरासिटामॉल होतं, ५ मि.ली.मध्ये १२५. साक्षीदार म्हणून चिरंजीवांना विचारलं, “तुला आजीने औषध दिलं?” ते म्हणाले, “नाही.” “आजोबांनी?” “नाही. मला अजून हवंय.” औषधाला स्ट्रॉबेरीचा वास होता आणि आईने ते ‘गोड गोड चॉकलेट’ म्हणून पाजलं होतं. माझ्या शर्टावर जे उडालं ते निव्वळ माझ्या हाताचं यश.

मग मी नागपूरला फोन लावला. बायकोने एक शब्दही न बोलता डॉक्टरबाईंना त्याच फोनवर घेतलं. त्यांचे प्रश्न तीनच होते : कोणती बाटली, किती मि.ली., किती वाजता? इन्स्पेक्शनमध्ये मी शाखाधिकाऱ्यांना असेच प्रश्न विचारतो आणि ते जसे छताकडे बघतात तसे आम्ही तिघं बघत होतो. आईचा चमचा हे सर्वांत मोठं कोडं ठरलं. घरातल्या एका चमच्यात ३ मि.ली. मावतं, दुसऱ्यात ७. आई म्हणाली, “आपला नेहमीचा.” डॉक्टरबाईंनी ५ धरले, सर्दीचं औषध मिळवलं, शर्ट वजा केला आणि सांगितलं, “पोटात दोन डोसांच्या आत-बाहेर गेलंय. यकृताला धोका होतो तो याच्या कितीतरी पट मात्रेने, किंवा असाच गोंधळ रोज चालू ठेवला तर. आता सकाळपर्यंत पॅरासिटामॉल नाही. एरवीही दोन डोसांत चार ते सहा तास हवेत आणि २४ तासांत चारच्या वर नकोत. सर्दीचं बंद. आणि अशी गडबड पुन्हा झाली तर मूल छान दिसतंय म्हणून थांबू नका, लगेच विचारा.”

इथे फोन ठेवायला हवा होता. पण अप्पांनी स्पीकरजवळ येऊन अर्ध्या अ‍ॅस्पिरिनचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “नको. विषाणूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन दिलं तर रे सिंड्रोम होऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण मेंदू आणि यकृत दोन्हींवर घाला घालतो.” अप्पांनी मग निमेसुलाइडची आठवण काढली. ते १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११पासूनच बंद आहे. दोन्ही प्रस्ताव फेटाळले गेल्यावर मी सुशिक्षित माणसाच्या आवाजात विचारलं, “मग मध्ये आयबुप्रोफेन देऊन आलटूनपालटून चालवू या का?”

“कल्याण-डोंबिवलीत पावसाळ्यात?” त्या म्हणाल्या. “डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन नाही. रक्तस्राव वाढू शकतो. आणि एका औषधाच्या वेळा तुम्हाला सांभाळता येत नाहीत, दोनच्या कशा सांभाळणार?” नागपूरहून हसण्याचा आवाज आला.

पुढे त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली आईसाठी : पांघरुणं काढा, बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या नकोत, हुडहुडी भरली की अंग आणखी तापतं, पाणी, पेज, वरणाचं पाणी घोट घोट देत राहा. दुसरी माझ्यासाठी : “आकड्याला औषध देऊ नका, मुलाला द्या. तापात मूल खेळत असेल, पाणी पीत असेल तर आकडा नॉर्मलवर आणायची घाई नसते. औषध त्याला बरं वाटावं म्हणून. शांत झोपला असेल तर उठवू नका.”

रात्री दीड वाजता, तो शांत झोपलाय याची खात्री करायला मी त्याला उठवलं. नंतर आम्ही सगळेच पहाटेपर्यंत जागे होतो.

सकाळी डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त तपासलं. साधा विषाणूचा ताप निघाला आणि आपल्या मर्जीने गेला. निघताना त्यांनी धोक्याच्या खुणाही सांगितल्या. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी प्रयोग न करता थेट डॉक्टरांकडे जायचं. मोठं मूलही मलूल पडलं, पाणी घेईना, लघवी कमी झाली, धाप लागली, अंगावर पुरळ उठलं, मान आखडली, झटका आला किंवा ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तर थांबायचं नाही.

मी मात्र हाडाचा बँकवाला. फ्रिजवर मेकर-चेकरचा तक्ता लावला : तारीख, वेळ, बाटली, मि.ली., देणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. बायको नागपूरहून परतली, तक्ता वाचला आणि मान्य केला. फक्त देणाऱ्याच्या रकान्यात तिने कायमचं आईचं नाव लिहिलं आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं. माझ्याकडे पेनाला दोरा बांधायचं काम आलं. ते मी चोख केलं आहे.

तेव्हा वाचकहो, मुलाला ताप नाही तो दिवस सोडू नका. आजच त्याचं वजन करा. डब्यात पॅरासिटामॉलची एकच बाटली ठेवा, तीही त्याच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. तिच्यातून किती मि.ली. द्यायचं ते डॉक्टरांना विचारून वरच लिहून ठेवा. मापाचं टोपण भातुकलीतून परत मिळवा. आणि औषध देण्याचा अधिकार घरात एकाच माणसाला द्या. तो बापच असला पाहिजे असा काही नियम नाही.