गिऱ्हाईक उमेदवारीवर

टोकियोच्या गिन्झा भागात एका ऑफिसच्या इमारतीच्या तळघरात दहा खुर्च्यांचे सुशीचे दुकान आहे, ‘सुकियाबाशी जिरो’. २००७ साली हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिनने टोकियोचा पहिला गाइड काढला आणि या तळघराला तीन तारे बहाल केले. २०१९ मध्ये त्याच मिशेलिनने दुकानाचे नाव यादीतून काढून टाकले. मासा शिळा निघाला म्हणून नव्हे. सर्वसामान्य माणसाला तिथे आरक्षणच मिळत नाही, मग वाचकांना उगाच पत्ता कशाला द्यायचा, एवढेच कारण. बाकीची हॉटेले गिऱ्हाईक येत नाही म्हणून बदनाम होतात; हे दुकान गिऱ्हाईक घेत नाही म्हणून आणखी मोठे झाले. पुणेकर वाचक इथे मान डोलावतील. पण पुण्यात अपमान फुकट होतो.

अशा काउंटरवर जागा हवी तर बड्या हॉटेलच्या स्वागतकक्षाची मनधरणी करावी लागते, नाहीतर जुन्या गिऱ्हाइकाचा वशिला लावावा लागतो. कार्डाचा नंबर आधीच घेतात; तुम्ही फिरकला नाहीत तरी पैसे कापले जातात. अत्तर लावून यायचे नाही. उशीर तर मुळीच करायचा नाही. मेन्यूकार्ड मागायचे नाही, कारण ते नसतेच. काय खायचे ते आचारी ठरवतो आणि तुम्ही ते मुकाट्याने खाता, याला ओमाकासे म्हणतात. घरी बायकोने पुढ्यात ठेवलेल्या दोडक्याच्या भाजीवर भाषण देणारे गृहस्थ इथे शाळकरी पोरासारखे ताठ बसतात.

आता समोर पाहा. आचाऱ्याच्या डाव्या हातात माशाचा काप, उजव्या हातात भाताचा चिमुकला गोळा, बोटाच्या टोकावर वासाबी. चार-पाच हलके दाब, वरून सोया सॉसचा ब्रश एकदाच फिरतो आणि घास तुमच्यापुढे येतो. भात अंगाइतका कोमट. तो गार होण्याच्या आत अख्खा घास तोंडात जायला हवा. हाताने खाल्लेत तरी चालते. सॉसमध्ये बुडवायचा नाही, तो लावून झालेला आहे. वासाबी जास्त मागायची नाही, ती मोजून घातलेली आहे. फोटो काढायला फोन शोधू लागलात की आचाऱ्याच्या कपाळावर एक आठी उमटते. तिचे पैसे बिलात वेगळे लावत नाहीत.

ज्यांच्या नावाचे हे दुकान, ते आचारी जिरो ओनो यांचा जन्म १९२५ चा. त्यांच्यावर २०११ साली माहितीपट निघाला आणि जगभरच्या हौशी लोकांची रीघ लागली. त्या माहितीपटात दिसते ते असे: ऑक्टोपस शिजवण्याआधी त्याला चाळीस-पन्नास मिनिटे मालिश होते. एका उमेदवाराने अंड्याचे ऑम्लेट दोनशेच्या वर वेळा केले, तेव्हा कुठे ते पास झाले आणि तो रडला. गिऱ्हाईक डावखुरे दिसले की घास डाव्या हाताच्या सोयीने ठेवला जातो. बायकांचे घास किंचित लहान, म्हणजे सगळ्यांचे खाणे एकाच वेळी आटोपते. जेवण तेव्हा तीस हजार येनपासून पुढे होते, आणि चपळ खाणारा पंधरा मिनिटांत उठतो. म्हणजे मिनिटाला दोन हजार येन. या हिशेबाने ठसका लागला तरी परवडायचा नाही.

२०१४ च्या एप्रिलमध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे यांनी ओबामांना इथेच नेले. महासत्तेच्या अध्यक्षांनी वाढलेले सगळे संपवले की अर्ध्यात हात आखडता घेतला, यावर नंतर बातम्या झाल्या. कराराचे मसुदे मागे पडले, पानात काय टाकले ते महत्त्वाचे ठरले.

गंमत अशी की हे सगळे रस्त्यावरचे खाणे. १८२० च्या दशकात एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई या विक्रेत्याने हाताने दाबलेली ही सुशी लोकप्रिय केली असे मानतात. हमाल, कारागीर गाडीपाशी उभ्याउभ्या खात. जाताना गाडीच्या पडद्याला हात पुसत. ज्याचा पडदा जास्त मळका त्याची सुशी चांगली, असा तेव्हाचा तारा. ट्यूनाचा चरबीदार भाग, ज्याच्यासाठी आज श्रीमंत डोळे मिटून उसासे टाकतात, तो त्या काळी कोणी विचारत नसे. मांजरही ओलांडून जाईल, अशी त्याची ख्याती. जानेवारी २०१९ मध्ये तोयोसू बाजारातल्या वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. किलोला बारा लाख. मांजरांनी यातून बोध घ्यावा.

१८४० च्या दशकात तिथल्या सरकारने उधळपट्टीविरुद्ध फर्मान काढले, तेव्हा तोवर काही ठिकाणी महागडी झालेली सुशी विकणाऱ्यांना धरून हातकड्या घातल्या. त्यात योहेईही होता, असे सांगतात. माझ्या मते सरकारने चुकीची माणसे पकडली. भात शिजवणारा, मासा पारखणारा, ऑम्लेटपायी रडणारा, यांचे कष्ट खरे आहेत. ढोंग असते ते काउंटरच्या अलीकडच्या बाजूला. आयुष्यात कधी घरचा वरणभात नीट चावून न खाल्लेला माणूस तिथे पहिल्या घासाला डोळे मिटतो, मान हलवतो, ‘भाताचा आंबटपणा बघ’ म्हणून शेजाऱ्याला सांगतो आणि परतल्यावर सहा महिने चारचौघांत जेवणाऐवजी आरक्षण कसे मिळवले तेच ऐकवतो. हातकडी त्याच्या मापाची हवी होती.

टोकियोला जाणे झालेच, तर ऐका. तिथे आजही उभ्याने खायची सुशीची दुकाने आहेत. ताजा मासा असतो, भाव लिहिलेले असतात, आणि आवडलेला घास पुन्हा मागता येतो. आधी तिथे जा. गिन्झातल्या काउंटरवर बसायचेच असेल तर दुपारचे आरक्षण पाहा; बऱ्याच ठिकाणी तोच आचारी दुपारी कमी पैशांत जेवू घालतो.