पोटमाळ्याची बढती

आपल्याकडे पोटमाळ्यावर काय असतं? गणपतीचं मखर, तांब्याचा बंब, पत्र्याची ट्रंक आणि पाहुणे जास्त झाले की एखादा भाचा. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात त्याला ‘लॉफ्ट’ म्हणतात आणि किंमत कोटींत सांगतात.

लॉफ्टची ही हौस न्यूयॉर्कची. तिथल्या सोहोत चित्रकार रिकाम्या कारखान्यांत राहायला गेले, कारण भाडं परवडत होतं. महादेवपुऱ्यात सगळंच नवं, म्हणून नव्यालाच जुनं करून विकायचं. विटा उघड्या, पाइप उघडे, भिंतीला गिलावा नाही. गिलावा न करण्याचे जादा पैसे मिळतात हे आमच्या गवंड्याला कळलं, तर तो उद्याच बंगळूरची उद्यान एक्स्प्रेस पकडेल.

गिरणीचा वारसा म्हणाल, तर तो इथे मुंबईहून आलाय. १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. तेच नाव २०११पासून महादेवपुऱ्यातल्या मॉलवर झळकतंय. परळला निदान चिमणी उरली. इथे चिमणी फक्त स्वयंपाकघरात, तीही ईएमआयवर.

तरी माळा अगदीच वाया नाही. सप्टेंबर २०२२च्या पुरात या पट्ट्यातल्या आलिशान बंगल्यांतून लोकांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावं लागलं. तेव्हा पोटमाळेवाले वर चढून चहा पीत बसले असते. चहाला पाणी मात्र हवं. २०२४च्या उन्हाळ्यात इथल्या सोसायट्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होत्या, आणि ते देखणे उघडे पाइपही.