गट्टूंचा बहार

आमच्या मोर्शीतल्या एका ले-आउटच्या बगिच्याचं 'सांस्कृतिक मूल्य' मोजायचं ठरलं आहे. एक ते पाच गुण द्यायचे. इथे आल्यावर वारशाशी नातं जुळल्यासारखं वाटतं का? आध्यात्मिक अनुभूती येते का? गेटला बारमाही कुलूप असल्याने अनुभूती जाळीतूनच घ्यावी लागते, हा पर्याय मात्र फॉर्मात नाही.

कल्पना वाईट नाही म्हणा. निसर्ग माणसाला धान्य, पाणी, लाकूड देतो तसं समाधान आणि आपलेपणही देतो, तेही हिशेबात धरा, असं जगभरच्या तेराशेहून अधिक तज्ज्ञांनी 2005 साली सांगून ठेवलंय. पण त्यांनी गट्टू पाहिले नसावेत.

बगिच्यात गट्टू, म्हणजे जमिनीवर बसवायचे सिमेंटचे ठोकळे, आहेत. लाल गट्टू, पिवळे गट्टू, कडेला करडे गट्टू. ले-आउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडायची असा नियम आहे, आणि सोडलेल्या जागेत पहिलं पीक येतं ते गट्टूंचं. संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन बहार. गट्टूला मार्चअखेरचा एकच, पण हमखास. ना गळ, ना डिंक्या, ना कोळशी. वर भाव पडायची भीती नाही. गेल्या मार्चात तर आतल्या निंबाच्या बुंध्याला चिकटून गट्टू बसवले, असे चपखल की मुंगी शिरू नये, मग पाण्याने कुठून शिरावं? शेंडा वाळलाय. 2021 पासून राज्याच्या वृक्ष कायद्यात 50 वर्षांवरच्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' म्हणतात. या निंबाला तिथवर पोचू द्यायचं नाही, असा कंत्राटदाराने विडाच उचललेला दिसतो. अरे, ज्या तालुक्यात शेतकरी संत्र्याच्या खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करतो, मुळ्या कुठवर पसरल्या हे बोटाने दाखवू शकतो, त्या तालुक्यात जिवंत झाडाच्या गळ्याशी सिमेंट आवळताना कुणाचा हात कसा अडखळत नाही? मे महिन्यात त्या गट्टूंवर अनवाणी पाय ठेवून दाखवा, मग देतो पाचपैकी पाच!

संस्कृती बघायची तर पावसाळ्यात सिंभोऱ्याला जा. अप्पर वर्धा धरणाचे तेरा दरवाजे उघडल्याची बातमी फिरली की डबे बांधून, पोरंसोरं घेऊन माणसं निघतात. तिथे ना गट्टू, ना गुण. दरवाजे उघडतात, लोक येतात. बगिच्याला तर दरवाजा एकच आहे.

फॉर्मवाल्या पोरांनी टेबल मांडलं होतं ते गेटाबाहेर, रस्त्याकडेच्या दुसऱ्या निंबाखाली, मातीत. आत सावली कुठाय? एका आजीला त्यांनी विचारलं, "पाचपैकी किती देता?"

"तुले किती पायजे तेवढे लिवून घे, बापा. पन कुलपाची चाबी कोनापाशी हाय, थे बी लिव."

पोरगं म्हणालं, "तसा रकाना नाही, आजी."

एक सूचना मात्र मनापासून नोंदवून घेतली गेली. निंबाखालची जमीन उंचसखल असल्याने टेबल डुगडुगतं, सबब तिथेही गट्टू बसवण्यात यावेत. अंदाजपत्रक मार्चच्या आत तयार होईल.