टिकाऊचं काय करायचं?

टाकाऊ वस्तूचं एक बरं असतं, ती टाकता येते. घंटागाडी आली, ओलं-सुकं वेगळं केलं, दिलं, सुटलो. पण त्याच टाकाऊचं कुणी टिकाऊ केलं, की ते घरातून हलत नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या फेकायला कुणाची परवानगी लागत नाही. त्याच पिशव्यांच्या पट्ट्या कापून विणलेलं आसन फेकायचं म्हटलं, की जाबजबाब सुरू होतात. ‘कुणी टाकलं? का टाकलं? मान मोडून विणलं होतं ते!’ आमच्या घरात हे जाबजबाब घेण्याचं खातं माझ्याकडे आहे.

या छंदाची लागण मराठी माणसाला शाळेतच होते. आम्हाला कार्यानुभव नावाचा विषय होता. त्यात आईस्क्रीमच्या काड्यांचं घर, करवंटीचं कासव आणि फुटक्या बांगड्यांचं झुंबर एवढ्यावर माणूस चौथीतून पाचवीत जात असे. काड्या जमवायला आईस्क्रीम खावं लागे, तेवढाच काय तो अनुभव. बाकी सगळं कार्य आईने केलेलं असे. ते कासव पुढे शोकेसमध्ये जातं आणि मुलगी सासरी गेली तरी ते माहेरीच राहतं. माझं अजून आहे. एक पाय नाही, पण आहे.

माझा मुख्य कच्चा माल म्हणजे लग्नपत्रिका. मध्यमवर्गीय घरात इतका उंची कागद दुसऱ्या कुठल्या वाटेने येत नाही. जाड, चकाकता, कडेला सोनेरी वेलबुट्टी, आत पातळ जाळीचा दुसरा कागद, वर रेशमी गोंडा. एका पत्रिकेत एक छोटी डबी, दोन आहेराची पाकिटं आणि पुस्तकात घालायची खूण निघते. अडचण एकच, तिच्यावर गणपती असतो. गणपती असलेला कागद आपल्याकडे फेकत नाहीत, फाडत नाहीत आणि अंथरून वर लाडू तर अजिबात वळत नाहीत. म्हणूनच घरोघरी कपाटाच्या वरच्या फळीवर पत्रिकांची थप्पी असते, आणि नात्यातला कुणीही ती मला आणून देताना पापातून मोकळं झाल्यासारखा सुस्कारा टाकतो.

मी गणपती तेवढे कापून घेते आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. उठावाचे, सोनेरी वर्खाचे, खडे लावलेले, पिंपळपानावर बसलेले, नुसत्या तीन रेघांत आटोपलेले मॉडर्न. आता डबा इतका भरलाय, की त्याचं झाकण उघडताना पाय आपोआप चपलेतून बाहेर येतात. नात्यातल्या एका मुलीच्या पहिल्या लग्नाचा आणि दुसऱ्या लग्नाचा असे दोन्ही गणपती त्यात शेजारी शेजारी आहेत. त्यांची एकमेकांबद्दल काही तक्रार नाही.

पत्रिका कमी पडल्या की रद्दीचं दुकान. लोक तिथे रद्दी घालायला जातात, मी आणायला जाते. दुकानदार आता मला ओळखतो, आणि गिऱ्हाईक ओळखणं म्हणजे काय ते तो जाणून आहे. “ताई, जुना ॲटलास आलाय. तुमच्यासाठी बाजूला ठेवला.” माझ्या नवऱ्याकडून तो किलोवर घेतो आणि मला नगावर देतो. मध्ये त्याच्याकडून रंगीत पुरवण्यांचा एक गठ्ठा आणला. घरी उघडला तर एका पानावर निम्मं सोडवलेलं शब्दकोडं, नवऱ्याच्या अक्षरात. नवरा रागावेल असं वाटलं होतं. त्याने पान हातात घेतलं, जरा विचार केला, पेन मागितलं आणि आडवा सातवा शब्द भरला.

कागदापासून वस्तू करता करता मला खुद्द कागदच करायची हौस आली. त्यासाठी एका वर्गाला गेले. रद्दी फाडायची, रात्रभर भिजवायची, मिक्सरमधून काढायची, तो लगदा टबभर पाण्यात कालवायचा, डासांची जाळी ठोकलेली चौकट त्यात बुडवून आडवी उचलायची, पाणी गळू द्यायचं, मग जुन्या चादरीवर पालथी घालून दाबायची. हे मी घरी करत असताना सासूबाई खुर्ची ओढून बसल्या.

“किती घेतले त्या बाईने?”

मी निम्मा आकडा सांगितला.

“अगं, हे तर आमच्याकडे कोकणात घरोघर चालायचं. कागद भिजवायचा, मेथी भिजवून वाटून त्यात घालायची, पातेलं पालथं घालून त्यावर थापायचं. वाळलं की टोपली सुटते. तू मेथी घातलीस का?”

“वर्गात नव्हती सांगितली.”

“मग कसले पैसे घेतले?”

मेथी दोन कामांसाठी, हे त्यांनी वर्गाची फी न घेता सांगितलं. तिच्या चिकाने लगदा धरून राहतो आणि कडवटपणामुळे कीड लागत नाही, असा जुन्या बायकांचा भरवसा. आकाशकंदिलाच्या खळीत मोरचूद घालायचे तेही याचसाठी. सासूबाईंनी त्याच दुपारी माझ्या लगद्यातून टोपली थापली, गेरूने रंगवली आणि त्यात लसूण भरला. माझा कागद मात्र करड्या रंगाचा झाला. वर्तमानपत्राचा कागद किती धुतला तरी शाई पुरती सुटत नाही, आणि एकदा वापरलेल्या कागदाचे तंतू दर खेपेला आखूड होत जातात. मला तो करडा रंग आवडतो. मिक्सरचं भांडं मात्र स्वतंत्र घ्यावं लागलं, कारण चटणीत संपादकीयाची चव लागते असा नवऱ्याचा दावा होता.

खरा हातकागद ही वेगळीच चीज आहे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथला कागद लाकडाचा नाही, सुती चिंध्यांचा. बनियनच्या कारखान्यांतून निघणारी कातरण असल्या कागदाला उत्तम, हे मी जेवताना सहज बोलून गेले. तेव्हापासून नवरा आपली बनियनं मोजून वाळत घालतो. चिंध्यांचा लगदा व्हायला त्या यंत्रात तासन्‌तास कुटाव्या लागतात, घरच्या मिक्सरचं ते काम नव्हे, हे त्याला सांगायचं मी राखून ठेवलंय.

दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर कागजीपुरा म्हणून गाव आहे. महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवली, तेव्हा लव्याजम्याबरोबर कागद करणारे कारागीरही आले, असं सांगतात. तुघलकाचा बेत फसला, राजधानी माघारी गेली, कागदवाले राहिले आणि कित्येक पिढ्या चिंध्या कुटत राहिले. वेडा ठरला तो राजा. हे मी नवऱ्याला मुद्दाम दोनदा ऐकवलं.

असल्या हातकागदाचे चार ताव मी मोठ्या हौसेने विकत आणले. त्यांच्या खडबडीत कडांवरून नुसता हात फिरवला तरी आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. त्यांवर अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. तशा कागदावर लिहिण्याजोगं मला काही सुचत नाही, आणि किराणा सामानाची यादी लिहिली तर वाणी घाबरेल.

“या वयात हे काय खूळ?” असं कुणी म्हणालं की मी मेरी डिलेनीबाईंना पुढे करते. अठराव्या शतकातल्या या इंग्रज बाई. दुसरे यजमानही गेल्यावर, बहात्तरीच्या सुमाराला त्यांनी रंगीत कागदाचे बारीक बारीक कपटे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला सुरुवात केली. पाकळी, पुंकेसर, पानाची शीर, सगळं कागदी आणि वनस्पतिशास्त्राला धरून. नजर अधू होईपर्यंत दहाएक वर्षांत ९८५ फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे ऐकून नवरा गंभीर झाला. म्हणाला, “त्यांना विचार ना, आपलंही ठेवून घेतील का?”

त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. जपानचे अकिरा योशिझावा हे आधुनिक ओरिगामीचे महर्षी. त्यांनी आयुष्यात पन्नास हजारांहून अधिक आकृत्या घडवल्या असाव्यात असा अंदाज आहे. हे वाचलं तेव्हा माझ्या मनात कलेचा नाही, कपाटाचा विचार आला. तरी ओरिगामीवर आमच्याकडे कुणाचा राग नाही. घडी उलगडली की कागद परत मिळतो. अरविंद गुप्तांचंही तसंच. पुण्यात आयुका या संशोधन संस्थेत बसून या माणसाने काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या रिफिली असल्या कचऱ्यातून खेळणी केली आणि त्यांतून देशभरच्या पोरांना विज्ञान शिकवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांची खेळणी पोरांनी मोडावीत म्हणूनच असतात, मोडून बघणं हाच त्यांतला अभ्यास. माझ्या वस्तूकडे एखादं पोर नुसतं सरकलं तरी मी स्वयंपाकघरातून ओरडते. आमच्या दोघांच्या कार्यात फरक असेल तर एवढाच.

आता जुना बाजार. पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. घंगाळं, कुलपं, रेडिओचे सांगाडे, एकेकटे बूट, कुणाचे तरी पणजोबा फोटोच्या चौकटीसकट. तिथे मला खिळ्यांची केस दिसली. छापखान्यात शिशाचे खिळे हाताने जुळवत, तेव्हा ते ज्यात ठेवत तो लाकडी, उथळ, कप्प्याकप्प्यांचा खण. शाईने काळा पडलेला, घामट वासाचा. इंग्रजी जुळाऱ्याचं काम थोडक्यात भागायचं. मराठी जुळाऱ्याला काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं या सगळ्यांना घर द्यावं लागे. ऑफसेट आलं, संगणक आला आणि ही घरं बाजारात आली.

“केवढ्याला?”

“अँटिक आहे, मॅडम.”

“खालची पट्टी निघालीये.”

“म्हणून तर अँटिक. धड असतं तर फर्निचर म्हणालो असतो.”

यावर घासाघीस काय करणार? रिक्षात ती उभी मावेना, म्हणून मांडीवर आडवी घेऊन आले. नवऱ्याने दारातच विचारपूस केली.

“यात कप ठेवता येतो?”

“नाही.”

“पुस्तक?”

“नाही. छोट्या छोट्या वस्तू ठेवतात.”

“त्या कुठायत?”

“करायच्यात.”

केस धुताना एका कोपऱ्यातल्या कप्प्यात काहीतरी खडखडलं. सुईने उकरून काढलं तर एक खिळा. बोटाच्या पेराएवढा, शिशाचा, आकाराच्या मानाने भलताच जड. टोकावर उलटं अक्षर. शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उठवलं तर ‘ळ’. बाकी सगळी वर्णमाला भट्टीत वितळून गेली आणि हा एकटा शाईच्या खपलीत दडून राहिला. मी तो माझा शिक्का केला. तेव्हापासून माझ्या हातून निघालेल्या प्रत्येक डबीच्या, पाकिटाच्या, पेनस्टँडच्या बुडाशी एक छोटा ‘ळ’ असतो.

माल तयार होत राहिला. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या मोरांनी आणि कुंड्यांनी केसचे कप्पे भरले, मग टीव्हीचं टेबल भरलं, मग मी वाटायला घेतलं. वाढदिवस, बारसं, वास्तुशांत, दहावीचा निकाल. आमच्या सोसायटीत असं घर नाही जिथे माझी वस्तू गेली नाही. घेताना सगळे “अय्या, घरी केलंस?” म्हणतात. या वाक्याचा अर्थ मी फार खोलात जाऊन कधी लावला नाही.

संक्रांतीला वरच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात काहीतरी कागदी आलं. मला कौतुक वाटलं. नेहमी सगळ्यांना एकसारखी प्लॅस्टिकची गाळणी, इथे प्रत्येकीला निराळी वस्तू. “बचत गटाकडून मागवल्या,” यजमानीणबाई सांगत होत्या, “सगळं हातकाम आहे हं.” माझ्या वाट्याला पेनस्टँड आला. मी बूड वर केलं. ‘ळ’. शेजारणीच्या हातातली डबी बघायला मागितली. ‘ळ’. पलीकडच्या काकूंची पाकिटं. ‘ळ’, ‘ळ’, ‘ळ’. वर्षभरात घरोघर दिलेला माल बाईंनी गोड बोलून गोळा केला होता, आणि द्यायला कुणी खळखळ केली असेल असं वाटत नाही. आता दुसऱ्या मजल्यावरचा चौथ्यावर गेला, चौथ्यावरचा तळमजल्यावर.

“हा ‘ळ’ कसला?” एकीने विचारलं.

“त्या गटाचा शिक्का,” यजमानीणबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, “गटाचं काम चांगलं आहे. माझ्याकडे त्यांचा नंबर आहे, कुणाला हवा असेल तर.” तिघींनी घेतला. आमच्या लँडलाइनचा. एकीचा फोन आलासुद्धा. सासूबाईंनी उचलला आणि लसणाच्या टोपलीची ऑर्डर घेतली.

परवा दारावर बोहारीण आली. हल्ली त्या फारशा फिरकत नाहीत, पण या मावशी सणाआधी हमखास येतात. नवऱ्याने मोठ्या आशेने मी केलेली एक पिशवी पुढे केली. आत्याच्या जुन्या जरीच्या साडीची, आतून अस्तर, वर काठाचे बंद. मावशींनी ती उलटीसुलटी केली, जर अंगठ्याने घासून पाहिली, शिवण ताणली आणि माझ्याकडे बघितलं.

“ताई, साडी असती तर झाकणासकट पातेलं दिलं असतं. तुम्ही तिची पिशवी करून बसलात.”

“मेहनत आहे हो त्यात, मावशी.”

“ती कळली. ती उसवायला मला अर्धा दिवस जाईल.” त्यांनी पाटीत हात घालून एक स्टीलचं गाळणं काढलं. “घ्या. याच्यावर जमत नाही.”

नवरा मागून खुणेने ‘दे, दे’ म्हणत होता. मी गाळणं उजेडात धरून पाहिलं. जाळी चांगली बारीक होती, लगद्याला अगदी योग्य.