वाढत्या अंगाचा अभ्यासक्रम

मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचे ठरवणारे पालक मोठे धीट असतात. आजीच्या उलटतपासणीला ते पुरून उरतात, सोसायटीतल्या कुजबुजीकडे कानाडोळा करतात आणि शाळा सोडल्याचा दाखला फाइलला लावून मोकळे होतात. त्यांचा धीर सुटतो तो लेखनाच्या अभ्यासक्रमाची कोणती पातळी मागवायची या प्रश्नापाशी. गणिताचे बरे असते, भागाकार येतो तरी किंवा येत नाही तरी. लेखन मात्र वहीत लपून बसते. चार वर्षे शाळेत गेलेल्या मुलाच्या वह्या उघडा. पानोपान मजकूर सापडेल आणि त्यातला बराचसा फळ्यावरून उतरलेला असेल. ‘माझी आई’ या निबंधातली आई पहाटे पाचला उठते, सडा घालते, रांगोळी काढते. वर्गातल्या चाळीसही मुलांच्या आया अगदी त्याच मिनिटाला उठतात. त्यांतली एखादी त्या वेळी हिंजवडीहून रात्रपाळी करून परतत असली, तरी निबंधात तिला सडा चुकत नाही. अशा वहीवरून मुलाची पातळी ठरवायची, तर फार तर बाईंची ठरेल.

म्हणून पालक वयाकडे वळतात. मूल साडेनऊ वर्षांचे, म्हणजे चौथी. पण आपले मूल चारचौघांपेक्षा हुशार, म्हणजे पाचवी. आणि पार्सलचा खर्च एकदाच करायचा, म्हणजे सहावीचाही भाग सोबत येऊ द्या. ही खरेदी थेट दिवाळीच्या कपड्यांसारखी, वाढत्या अंगाची. फरक एवढाच, की सदरा मोठा झाला तर बाह्या दुमडता येतात. सहावीचे ‘पडक्या वाड्याचे मनोगत’ दुमडून चौथीच्या मापाचे करता येत नाही. मूल कोऱ्या पानाकडे बघत बसते, वाडा आहे तिथेच पडून राहतो, आणि पंधरा दिवसांत ‘याला लिहायची आवडच नाही’ असा निकाल लागतो.

माझे म्हणणे असे, की ‘मुलाची लेखनाची पातळी’ अशी एक गोष्ट मुळात नसतेच. हाताची पातळी वेगळी, कानाची वेगळी, डोक्याची वेगळी. अक्षर वळणदार आणि विनासायास उमटणे हे हाताचे काम. ऐकलेले शब्द ऱ्हस्व-दीर्घासकट कागदावर उतरवणे हे कानाचे. आणि काय सांगायचे ते ठरवून वाक्यामागे वाक्य जुळवणे हे डोक्याचे. समर्थ रामदासांनी ही फोड सतराव्या शतकातच करून ठेवली आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, ओळींमधले अंतर, शाई, कागद, लेखणी असा सगळा सरंजाम तिथे आहे. काय लिहावे याची चर्चा त्या समासात नाही. ती करायला त्यांच्याकडे दुसरे समास होते. आपण मात्र नऊ वर्षांच्या मुलाकडून एकाच बैठकीत वळणदार अक्षर, निर्दोष वेलांट्या आणि पावसाळ्याविषयी मौलिक विचार मागतो. एवढे तिन्ही एकत्र जमणारे प्रौढ किती आहेत, हे कोणत्याही सोसायटीच्या सूचनाफलकावर वाचायला मिळते.

हाताचे ओझे डोक्याला जड होते, याला चांगला पुरावा आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि व्हर्जिनिया बर्निंजर या अमेरिकी संशोधकांनी अक्षर अडखळणाऱ्या पहिलीतल्या मुलांवर वेगवेगळे अभ्यास केले. मुलांना काही आठवडे निव्वळ अक्षरे काढण्याचा पद्धतशीर सराव दिला, तर त्यांची अक्षरे तर सुधारलीच, शिवाय मनातले लिहिण्यातही त्यांना गती आली. हात मोकळा झाला की डोक्याला वाव मिळतो. घरी शिकवणाऱ्यांची मूळ गुरू, इंग्लंडची शार्लट मेसन, हे एकोणिसाव्या शतकातच सांगत होती, की सहाव्या वर्षापासून मुलाने ऐकलेली गोष्ट तोंडी सांगावी आणि निबंधबिबंध लहान वयात मागूच नये. अमेरिकेतल्या सूझन वाइज बावर यांचा अभ्यासक्रमही पहिल्या वर्षांत उतरवून काढणे, श्रुतलेखन आणि गोष्ट आपल्या शब्दांत सांगणे यांवरच चालतो. कित्ता, श्रुतलेखन आणि ‘सांग बघू काय झालं मग’ हा माल आपल्या घरात होताच. आपण तो माळ्यावर टाकला आणि आता परदेशातून डॉलरमध्ये मागवतो.

मग पातळी ठरवायची कशी? तीन वेगवेगळ्या दिवशी, दहा-दहा मिनिटांत. एका दिवशी छापील परिच्छेद उतरवून काढायला द्यावा आणि हात कुठे थकतो ते पाहावे. दुसऱ्या दिवशी चार वाक्ये सांगून लिहून घ्यावीत. तिसऱ्या दिवशी एखादी गोष्ट वाचून दाखवावी आणि मुलाला ती बोलू द्यावी, लिहिणार आपण. या तिसऱ्या दिवशी बहुतेक घरांत चमत्कार होतो. कागदावर ‘कोल्हा होता. तो गेला.’ एवढ्यावर थांबणारे मूल तोंडाने कोल्ह्याचा स्वभाव, त्याची सासुरवाडी आणि द्राक्षांचा भाव सांगत सुटते. म्हणजे डोके सहावीत, कान तिसरीत, हात दुसरीत. मग तीन पातळ्यांची तीन कामे द्यावीत. एकच पेटी मागवायची सक्ती असेल, तर ती सर्वांत मागे असलेल्या अवयवाच्या मापाची घ्यावी. डोक्याची भूक बोलण्यावर भागते.

यावर पहिली हरकत ठरलेली: मूल मागे पडेल. कोणाच्या मागे? घरातल्या वर्गात पट एकाचा. पहिला नंबर त्याचा, शेवटचाही त्याचाच. शिक्षणहक्क कायदा मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवा म्हणतो आणि शाळेपुरते ते रास्तच आहे. अकरा वर्षांच्या मुलीला पहिलीच्या बाकावर बसवणे क्रूरपणाचे होईल. पण स्वयंपाकघरातल्या टेबलाला इयत्ता नसते. शिवाय इयत्तेच्या आकड्यावर किती विसंबावे, हे ‘असर’ अहवाल २००५ पासून सांगत आला आहे: ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता येत नाही. हे अहवाल काढणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि बडोद्यात मागे राहिलेल्या मुलांना वर्गाबाहेर काढून ‘बालसखी’ म्हणवणाऱ्या शिक्षिकेकडे बसवले, आणि जिथे गाडी अडली होती तिथून शिकवले. मुलांचे गुण वाढले. पुढे नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आमच्या पिढीत वर्गाबाहेर काढणे ही शिक्षा होती. तो उपचार निघाला.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. सोपे काम दिले तर हुशार मूल कंटाळेल. खरे आहे, डोक्याला सोपे दिले तर कंटाळेलच. म्हणून तर तिथे सोपे द्यायचे नाही. हाताला सोपे दिले, तर मूल कुरकुरेल आणि सहा आठवड्यांत पुढच्या पातळीवर जाईल, कारण एकट्या मुलाला कोणासाठी थांबावे लागत नाही. जड पातळीवरून खाली उतरणे मात्र महाग पडते. तिथे पैसे तर जातातच, पण ‘मला येत नाही’ हे वाक्य मूल पाठ करते, आणि या एका पाठांतराला उजळणी लागत नाही. दहावीचे काय, हे विचारणाऱ्या काकांसाठीही उत्तर आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या पातळ्या तीनच, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या. तिथे दहावीला प्रवेश घ्यायला वयाची चौदा वर्षे पुरी लागतात. साडेनऊ ते चौदा या काळात एखादा हात दुसरीतून बाहेर पडायला हरकत नसावी.

तिसरी हरकत मला सर्वांत रास्त वाटते, म्हणूनच ती कोणी घेत नाही: आईवडील तटस्थ परीक्षक नसतात. श्रुतलेखन सांगताना वडील ‘नदी’तली दी इतकी लांबवतात, की दुसरी वेलांटी आपोआप उमटते. तपासताना आईचा पेन स्वतःच्या लेकराच्या चुकीवरून घसरतो, शेजारच्याच्या चुकीवर मात्र नेमका थांबतो. यावर उपाय म्हणजे श्रुतलेखन काकूंनी सांगावे आणि त्या दिवशी आईवडिलांनीही शेजारी वही घेऊन बसावे. शब्दाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ, पण ‘आणि’ ऱ्हस्व आणि ‘परंतु’ही ऱ्हस्व, हे मराठी शुद्धलेखनाच्या अठरा नियमांतले निदान एक कलम तरी घरात सिद्ध होईल. इंग्रजी माध्यमातून आलेल्या वडिलांची मराठीची पातळी लेकराइतकीच निघण्याचा संभव दांडगा आहे. तसे झाल्यास त्याच पातळीची दोन पुस्तके मागवावीत. दुकानदाराने ‘जुळी आहेत का?’ असे विचारलेच, तर बेधडक हो म्हणावे.